विमानांच्या मधली फट: घाटकोपर पूर्वेला घरून रेकॉर्डिंग करायचं तर वेळ कोणती धरायची?

गच्चीखालची

मंडळी, मी घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या बाजूला राहते. चौथा मजला, त्यावर गच्ची आणि गच्चीवर विमानं. आमची सोसायटी फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या उंचीवर बंधन असलेल्या पट्ट्यात येते, त्यामुळे टॉवर वगैरे आमच्या नशिबात नाही. पुनर्विकासाच्या मीटिंगा होतात, चहा होतो, उंचीच्या परवानगीवर गाडी अडते आणि सगळे घरी जातात. तो विषय इथे नको.

माझं काम आवाजाचं आहे. ऑडिओबुकं, माहितीपटांची निवेदनं, शाळांसाठी धडे. पूर्वी यासाठी स्टुडिओत जायचे, आता बहुतेक सगळं घरीच. आतल्या खोलीत दोन कपाटांच्या मध्ये गोधड्या टांगून कोपरा केलाय. कुकर, शेजारचं ड्रिल, खालचा भंगारवाला, सगळ्यांशी तडजोड झालेली आहे. भंगारवाले काका तर आता आमच्या बिल्डिंगखाली आवाजच देत नाहीत, नुसती मान वर करून बघतात. विमानाला कोणी सांगायचं?

हेडफोन लावून बसलं की विमान खिडकीत यायच्या आधी कानात येतं. आधी खालच्या पट्टीत घरघर, मग ती वर चढत सगळीकडे पसरते. लो-कट लावून ऐंशी हर्ट्झच्या खालचं उडवता येतं, पण उतरणाऱ्या विमानाचा फुसफुसाट नेमका माझ्या ‘स’ आणि ‘श’वर येऊन बसतो. नॉइज रिडक्शन जास्त ओढलं की मी डबक्यातून बोलतेय असं वाटतं. म्हणून थांबते, विमान जाऊ देते, वाक्य पुन्हा घेते. एक परिच्छेद म्हणायला पंधरा मिनिटं लागली की लेखकाचाही राग यायला लागतो, त्याचा काही दोष नसताना.

त्यामुळे मी वही घातली आहे. विमान कधी आलं, मधे किती वेळ मिळाला, आवाज कसा होता. विमानं नकाशावर दाखवणारं फ्लाइटरडार२४ हे ॲप फोनवर आहेच. काही गोष्टी लक्षात आल्या, पण त्यांची कारणं कळत नाहीत.

साधारण दोन-अडीच मिनिटांनी एक येतं. त्यातली तीस-चाळीस सेकंद वाया. मग काही दिवस असे की सकाळी आवाजच वेगळा. नेहमीचा उतरतानाचा सळसळाट नाही, भांडी हलतील असा गडगडाट, आणि विमान आमच्यावरून पलीकडे पूर्वेला वर चढत जातं. हिवाळ्यात हे दिसलं, पावसाळ्यात कधीच नाही. आणि एकदा मे महिन्यात भर दुपारी काहीच नाही! अकराच्या सुमाराला आवाज थांबले ते संध्याकाळपर्यंत. मी इतकी घाबरले की आधी बातम्या लावल्या, मग रेकॉर्डिंगला बसले.

तर विचारायचं असं की हे आधी कळायला काही मार्ग आहे का? आणि एक किरकोळ शंका. खूप मोठं विमान गेलं की आवाज संपल्यावर काही सेकंदांनी डोक्यावर कोणीतरी कापड टराटरा फाडतंय असं ऐकू येतं. सासूबाई म्हणतात मला भास होतात. पण माइकमध्ये रेकॉर्ड झालंय, भास रेकॉर्ड होतात का?

स्पष्टच_बोलतो

विमानतळ आधी, तुम्ही नंतर. विमानतळाच्या वाटेत घर घ्यायचं आणि मग विमानांची तक्रार करायची याला काय म्हणावं.

गच्चीखालची

तक्रार केलेली नाही, वेळ विचारलीये. सांताक्रूझची धावपट्टी आमच्या बिल्डिंगच्या आधीची आहे, मान्य. पण हे घर सासऱ्यांनी घेतलं तेव्हा दिवसातून मोजकी विमानं यायची आणि मुलं गच्चीवर जाऊन त्यांना हात करायची. आता हात खाली करायला वेळ मिळणार नाही.

जुना_टॉवरवाला

ताई, वही घातलीत हे उत्तम केलंत. मी हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालो. जमेल तेवढं सांगतो.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे दोन असून एका वेळी कामाची एकच. मुख्य धावपट्टी ०९/२७, जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब. दुसरी १४/३२, तिच्यापेक्षा आखूड. हे आकडे दिशेचे असतात. २७ म्हणजे विमानाचं नाक २७० अंशांवर, पश्चिमेकडे. विमानाला उतरताना आणि उडताना समोरून वारा हवा. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ वारा समुद्रावरून, म्हणून २७ चालते. विमानं पूर्वेकडून येतात, ठाण्याची खाडी ओलांडतात, घाटकोपर, कुर्ला करत टेकतात. तुमचं घर धावपट्टीच्या टोकापासून साधारण तीन किलोमीटरवर, जवळपास सरळ रेषेत. उतरण्याचा उतार तीन अंशांचा, म्हणजे किलोमीटरमागे बावन्न मीटरच्या आसपास. हिशोब केलात तर तुमच्या भागावरून विमान दीडशे ते पावणेदोनशे मीटरवरून जातं.

आता अडीच मिनिटांचं. मुंबईची क्षमता तासाला साधारण ४६ विमानांची धरतात, उतरणारी आणि उडणारी मिळून. निम्मी उतरणारी धरली तर तेवीस. साठ भागिले तेवीस करून बघा, तुमची वही बरोबर आहे. नुसतं उतरवायचंच असतं तर याहून जवळजवळ आणता आली असती, पण दोन उतरणाऱ्यांच्या मध्ये एक उडवायचं असतं, त्यासाठी जागा ठेवावी लागते. तीच तुमची फट. ११ नोव्हेंबर २०२३ ला मुंबईत चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली होती. त्या दिवसाचं पान तुमच्या वहीत असेल तर बघायला आवडेल.

हिवाळ्यातल्या सकाळचा गडगडाट म्हणजे ०९, तीच धावपट्टी पण नाक पूर्वेकडे. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पूर्वेचा. तो हलका असला तर पाठीवर घेऊन २७ वरच काम चालू ठेवतात. जोर धरला तर धावपट्टी उलटी करतात. मग विमानं समुद्राकडून येऊन उतरतात आणि उडणारी तुमच्यावरून जातात, पूर्ण ताकद लावून. उतरताना इंजिनाचा जोर बराच कमी असतो, तिथे आवाज मुख्यतः चाकांचा आणि पंखांच्या पसरलेल्या फळ्यांचा. उडताना इंजिनाचा. फरक तुम्ही कानाने ओळखलात. त्यात थंडीच्या सकाळी जमिनीजवळ गार हवा आणि तिच्यावर ऊबदार थर, त्यामुळे आवाज वर जाण्याऐवजी खाली वळतो. लांबचं विमानही जवळचं वाटतं.

मे महिन्यातली दुपार. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद ठेवतात. धावपट्टीला चिकटलेलं टायरचं रबर काढणं, दिवे तपासणं, डागडुजी. २०२४ मध्ये ९ मे आणि १७ ऑक्टोबर, २०२५ मध्ये ८ मे आणि २० नोव्हेंबर. हे महिनोन्‌महिने आधी जाहीर होतं, वर्तमानपत्रात येतं. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा आणि त्या दिवशी कुणाकडे हळदीकुंकवाला जाऊ नका.

सासूबाईंना सांगा भास नाही. विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सुटतात आणि हळूहळू खाली येतात, कापड फाटल्यासारखा आवाज त्यांचाच. विमान जितकं जड तितके ते जोरकस. एमिरेट्सचं ए-३८० येतं ना, त्यानंतर ऐका. याच भोवऱ्यांमुळे जड विमानाच्या मागे येणाऱ्याला जास्त अंतर ठेवतात, म्हणजे तिथे तुम्हाला जरा मोठी फट मिळते.

सातबंगला

तुमच्याकडे शांतता असते तेव्हा ती कुठे जाते ते मला विचारा. वर्सोव्याला येते.

मुख्य धावपट्टी बंद की १४/३२ चालू, आणि मग आमच्यावरून. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० मुख्य धावपट्टीचं मोठं काम काढलं होतं, रविवार सोडून रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. तो हिवाळा घाटकोपरकरांनी मजेत काढला असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा गुड मॉर्निंगच्या जागी विमानांचे व्हिडिओ यायचे. त्याच्या आधी जुलै २०१९ मध्ये भर पावसात एक विमान धावपट्टी संपवून पुढे चिखलात रुतलं. ते बाहेर काढेपर्यंत काही दिवस मुख्य धावपट्टी बंद, तेव्हाही आम्हीच. शिवाय जुहूची हेलिकॉप्टरं आम्हाला बारमाही, ती वाऱ्याचंही ऐकत नाहीत.

जुहूवरून आठवलं. सप्टेंबर १९७२ मध्ये एका जपानी कंपनीचं डीसी-८ प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या त्या टीचभर धावपट्टीवर उतरलं होतं. कोणी दगावलं नाही. आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात, प्रत्येकाने ते स्वतः पाहिलेलं असतं.

गच्चीखालची

@सातबंगला, २०१९ चा तो हिवाळा! तेव्हा मी स्टुडिओत जात होते हो. फुकट गेला.

@जुना_टॉवरवाला काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या, पण आता त्याही कान देतात. काल माझ्याआधी त्यांनीच सांगितलं, “गेलं बघ, आता फाटेल.”

वारा कुठून आहे ते मला घरबसल्या कसं कळेल? गच्चीवरचे कपडे बघते, पण आमच्याकडे दोन बिल्डिंगांच्या बोळातून वारा कुठूनही येतो.

जुना_टॉवरवाला

कपड्यांवर जाऊ नका. मेटार बघा. विमानतळाचं हवामान दर अर्ध्या तासाला सांकेतिक ओळीत येतं, नेटवर फुकट मिळतं. मुंबईचा कोड व्हीएबीबी. त्यात तारीख-वेळेनंतर पाच आकडे आणि शेवटी केटी असा गट असतो. २७०१२ असेल तर वारा २७० अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून, १२ नॉट. ०८००९ असेल तर पूर्वेकडून ९. वेळ मात्र ग्रीनविचची असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

सकाळी उठल्यावर पूर्वेचा वारा सात-आठ नॉटच्या वर दिसला तर गडगडाटाची तयारी ठेवा. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. निर्णय टॉवरमध्ये होतो आणि तो बदलायला त्यांना आवडत नाही. कारण धावपट्टी उलटी करायची म्हणजे रांगेत असलेल्या सगळ्यांना वळसा घालून पलीकडून आणायचं. तो बदल होत असताना दहा-पंधरा मिनिटांची मोठी फट पडू शकते. ती पकडलीत तर एक अख्खं प्रकरण होईल.

खाडीपलीकडून

मी कोपरखैरण्याला. तुमच्यावरून जाणारी आधी आमच्यावरून जातात, उंच असतात म्हणून कोणी लक्ष देत नाही. बाल्कनीतून रात्री बघितलं तर पूर्वेला दिवे एकामागे एक रांगेत दिसतात, पुढचं मोठं, मागचं बारीक, तिसरं ठिपका.

ताई, आमच्याकडे दिसल्यापासून तुमच्याकडे यायला तीन मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. ॲपमध्ये खाडीवर लक्ष ठेवा. खाडीच्या आमच्या काठावर काही नसेल तर तुमचं वाक्य निघेल.

एक प्रश्न माझाही. काही विमानं आमच्याकडे स्पष्ट शिट्टी वाजवत येतात. सगळी नाही. ती घाटकोपरला ऐकू येते का?

गच्चीखालची

शिट्टी? नाही. आमच्याकडे नुसता सळसळाट.

जुना_टॉवरवाला

ती ए-३२० जातीची, त्यातली जुनी. पंखाखाली इंधनटाकीच्या दाबासाठी गोल भोकं असतात, वारा त्यांच्यावरून गेला की शिट्टी वाजते. नंतर एअरबसने भोकाच्या पुढे छोटी पट्टी बसवायला सुरुवात केली, ती बसली की शिट्टी बंद. म्हणून एकाच कंपनीचं एक विमान वाजतं, दुसरं नाही. घाटकोपरपर्यंत येताना चाकं आणि फळ्या पूर्ण बाहेर आलेल्या असतात, तो आवाज बाकी सगळं गिळतो.

हाउन्स्लोकर

लंडनहून. हीथ्रोच्या पूर्वेला राहतो, तेव्हा मीही जमातीतलाच.

आमच्याकडे दोन समांतर धावपट्ट्या. पश्चिमेचा वारा असताना एकीवर उतरवतात, दुसरीवरून उडवतात, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल. याचं वेळापत्रक आधीच छापून येतं. आमच्या डोक्यावर या आठवड्यात सकाळी असेल तर पुढच्या आठवड्यात तीननंतर. लोक बागेतली पार्टी त्यावर ठरवतात, चेष्टा नाही. रात्री साडेअकरा ते सहा यावर वर्षाला ५,८०० विमानांची मर्यादा, तरी पहाटे साडेचार-पावणेपाचला पहिलं येतंच. विमानतळाच्या वेबट्रॅकवर कोणतं विमान किती उंचीवरून गेलं ते तपासता येतं, तिथूनच तक्रारही होते. पूर्वेचा वारा असला की मात्र ही अदलाबदल चालत नाही. १९५० च्या दशकात क्रॅनफर्ड गावाला दिलेला शब्द होता, उत्तरेच्या धावपट्टीवरून पूर्वेला उड्डाणं नकोत म्हणून. तो २००९ मध्ये मोडीत काढला, पण जमिनीवरची बांधकामं मागे राहिली.

गच्चीखालची

तीन वाजता बदल, आणि तो छापून! मला रडू येईल.

जुना_टॉवरवाला

आपल्या धावपट्ट्या छेदतात, त्यामुळे अशी वाटणी आपल्याला जमणारी नाही. आणि मुंबईला रात्रीची बंदी नाही, उलट मध्यरात्रीनंतर परदेशी विमानांची गर्दी. तेव्हा पहाटे दोनला उठून रेकॉर्ड करायचा विचार असेल तर झोपा.

आवाजाच्या मर्यादेबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. २०१८ च्या अधिसूचनेत गजबजलेल्या विमानतळांच्या परिसरासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल आहे. पण ती सरासरी असते. विमान डोक्यावर असतानाचा कमाल आकडा आणि मधली शांतता एकत्र कुटून काढलेली. मोबाइलवरच्या ॲपचा कमाल आकडा घेऊन कोणाशी वाद घालायला गेलात तर हरून याल.

स्पष्टच_बोलतो

नवी मुंबईचा विमानतळ झालाय ना आता? कमी होतील तुमच्याकडची.

खाडीपलीकडून

२५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली, पण मला बाल्कनीतून रांग कमी झालेली दिसत नाही. एक जागा मोकळी झाली की दुसरा टपलेला असतो, लोकलसारखं नाही का. आता पनवेल-उलव्याची मंडळीही इथे प्रश्न विचारायला येतील, तयारी ठेवा.

गच्चीखालची

आठवडाभर प्रयोग केला, सांगते.

फोन कोपऱ्याबाहेर स्टुलावर, ॲप उघडं, खाडीवर झूम. सासूबाई फोनसमोर. खाडी रिकामी दिसली की त्या बोट वर करतात, विमान विक्रोळीच्या रेषेत आलं की बोट खाली. त्यांना ही नोकरी फार आवडली आहे. कोणत्या कंपनीचं, कुठून आलं, सगळं वाचून ठेवतात आणि टेक संपला की मला सांगतात. “दोहावरून आलं, उशीर झाला त्याला.” काल मी अख्खं दीड पान एका दमात घेतलं, मधे दोनच तुकडे.

जड विमानामागची मोठी फट खरी आहे. पण सुरुवातीची काही सेकंद ते फाटणारं कापड असतं, ते जाऊ दिलं की पुढचा वेळ चांगला. वाक्यं आता फटीच्या मापाने आखते. लांब संवाद मोठ्या विमानामागे, छोटी निवेदनं एरवी. जुलैत वारा समोरून जोरात असतो तेव्हा विमानं हळू येतात आणि फट वाढते असं जुन्या पानांवरून दिसतं, पण तेव्हा गच्चीच्या पत्र्यावर पाऊस, त्यामुळे उपयोग शून्य.

काका, एकच गोष्ट जुळत नाही. आमच्या बिल्डिंगवरून जाताना ॲप जानेवारीत पाचशे-सहाशे फूट दाखवायचं. जुलैच्या पानांवर आठशे, कधी नऊशे. डोळ्यांना तर तेवढंच खाली दिसतं. पावसाळ्यात उंचावरून आणतात का?

जुना_टॉवरवाला

नाही. उतार तोच, तीन अंश. विमान जी उंची प्रसारित करतं ती हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि त्यासाठी समुद्रसपाटीचा दाब कायम १०१३ हेक्टोपास्कल धरलेला असतो. वैमानिक स्वतःच्या यंत्रात खरा दाब भरून घेतो, ॲपला मिळतो तो कच्चा आकडा. जानेवारीत आपल्याकडे दाब १०१३ च्या जवळच असतो, म्हणून जुळतं. जुलैत तो १००३ च्या आसपास उतरतो. एका हेक्टोपास्कलला तीस फुटांच्या जरा आत धरा, दहाला पावणेतीनशे ते तीनशे फूट. तेवढे वजा करा, जानेवारीचा आकडा येईल.

मेटारमध्ये क्यू या अक्षरापुढे चार आकडे असतात, तोच दाब. वहीत त्यासाठी एक रकाना वाढवा, सासूबाईंना भरायला सांगा.